केल्ड क्रॅग कुणाचा?

हाय साइड फार्म
१८ ऑक्टोबर १९५९

मेरियन,

मी कॉलेज सोडलं. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहायला बसलो, पण आपल्या खोऱ्यात तेवढी सवड कुणी देत नाही. बसमधून उतरून मी घरी पोचेपर्यंत पोस्टातल्या बाईंनी आईला सांगूनही टाकलं होतं.

झालं असं, की मेंढ्यांच्या तासाला मास्तरांनी फळ्यावर एक डोंगर काढला आणि त्याला चारी बाजूंनी तार ओढली. मी उभा राहून म्हटलं, आमच्याकडे डोंगराला तार नसते, मेंढीला आपल्या चराईची हद्द तिची आई शिकवते. ते म्हणाले, "टायसन, मग तुमच्याऐवजी तुमच्या मेंढीलाच इथे पाठवायचं होतं." सगळा वर्ग हसला. मी पुस्तकं बाकावर टाकली आणि निघालो. आता वाटतं, पुस्तकं तरी आणायला हवी होती.

पण खरं कारण तू. उन्हाळ्यात तू म्हणाली होतीस, "तू तिकडे दोन वर्षं बसणार, तोवर इथे काय काय होईल कुणास ठाऊक." मी त्याचा अर्थ असा घेतला की तुला मी इथे हवा आहे. म्हणून ट्रंकेसकट आधी बेकफूटला तुमच्या दारात आलो. दार तुझ्या वडिलांनी उघडलं. म्हणाले, ती लँकेस्टरला गेली, टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागली. ज्या खोऱ्यासाठी मी कॉलेज सोडलं, तिथे तू सोडून सगळे आहेत.

मला तर वाटतं त्यांनीच तुला माझ्यापासून लांब पाठवलंय. परवा बाजारात चारचौघांसमोर म्हणाले, "अर्धं कॉलेज आणि अर्धी भिंत, दोन्हीचा उपयोग सारखाच." सगळ्यांना फार आवडलं ते.

काल ऑक्टोबरची जमवणी झाली. नेहमीप्रमाणे डोंगर झाडत मेंढ्या खाली आणल्या, केल्ड क्रॅगच्या खडकांपाशी पोचलो आणि वळलो. वर जाऊ का विचारलं तर वडील म्हणाले, वरचं मौन्सीचं, म्हणजे तुमचं. पलीकडून तुझे वडीलही तिथेच वळताना दिसले. त्या माथ्यावर कुणी जातच नाही. मागच्या आठवड्यात लीड्सचा एक माणूस अर्ध्या चड्डीत धापा टाकत त्या खडकांपाशी पोचला आणि मला विचारायला लागला, पाइक हाच ना. मी म्हटलं नाही, पाइक तो शेजारचा, हा केल्ड क्रॅग. तो माझ्यावर असा चिडला की जणू मीच त्याचा डोंगर पळवला.

तू नाताळला येणार ना? तोवर तुझ्या वडिलांचं मन मी वळवून ठेवतो. कसं ते सांगणार नाही.

तुझा
जॉन्टी


लँकेस्टर
२५ ऑक्टोबर

जॉन्टी,

तुझं पत्र मधल्या सुट्टीत जिन्यात बसून वाचलं. मास्तरांचं वाचून हसले, आणि मग तुझ्या आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

उन्हाळ्यात मी जे म्हणाले ते तुझ्याबद्दल नव्हतं. माझ्याबद्दल होतं. आणि मला इथे कुणी पाठवलेलं नाही. जाहिरात मी वाचली, अर्ज मी केला, वडिलांना आदल्या दिवशी सांगितलं. त्यांनी माझ्या बुटांना तेल लावून ठेवलं.

काम बरं आहे. आम्ही एका रांगेत उंच खुर्च्यांवर बसतो आणि लोकांना एकमेकांशी जोडून देतो. माझ्या शेजारची डोरीन म्हणते, माझा आवाज ऐकून लोक सरळ बसतात. इथे कुणी मला विचारत नाही की मी कुठल्या मौन्सीची.

त्यांचं मन वळवायच्या भानगडीत पडू नकोस. आपल्या मध्ये ते उभे आहेत असं तुला वाटतं, तसं नाहीये. आणि तू ज्याला गुपित म्हणतोस त्याची मला नेहमी भीतीच वाटते. शाळेत असताना तू माझ्यासाठी घारीचं पिल्लू आणलं होतंस आणि हात टाक्यांनी शिवून घेतला होतास.

नाताळचं अजून ठरलं नाही. सुट्ट्या जुन्या मुलींना आधी मिळतात.

मेरियन


हाय साइड
१५ नोव्हेंबर

मेरियन,

केलं एकदाचं. आता तूच सांग, यात भीती कशाची होती.

मेंढपाळांच्या मेळ्याच्या आदल्या दिवशी मी आणि मॉस केल्ड क्रॅगवर गेलो. (कुत्री आता माझी झाली आहे. वडिलांचं ऐकायचं तिने सोडलं, तेव्हा ते म्हणाले, दोघं एकमेकांना शोभता.) धुकं एवढं होतं की तिची शेपटीसुद्धा दिसेना. खाली सगळे म्हणतात वर नुसते दगड आहेत. दगड आहेतच, पण त्यांच्या मध्ये घळी आहेत, आणि घळीत असं गवत आहे की हात घातला तर कोपरापर्यंत जातो. तिथे मेंढ्या होत्या. जमवणीत कित्येक वर्षं कुणी खाली आणलेल्याच नाहीत. अंगावर तेवढ्याच वर्षांची लोकर, जमिनीला टेकणारी, म्हाताऱ्यांच्या जुन्या कोटांसारखी. काहींच्या पाठीवर तुमचा तांबडा पट्टा अजून ओळखू येत होता.

त्यांना खाली आणताना माझे जे हाल झाले ते लिहीत नाही. एकीने मला ओढ्यात पाडलं. दिवस मावळता मावळता सगळ्या तुमच्या अंगणात उभ्या केल्या आणि दार वाजवलं.

तुझे वडील कंदील घेऊन बाहेर आले. प्रत्येकीच्या कानावरची खूण चाचपून बघितली. मग म्हणाले, "एकट्याने आणल्यास?" मी हो म्हटलं. म्हणाले, "आत ये, चहा घे." मेरियन, त्यांनी मला तुझ्या आईच्या खुर्चीत बसवलं. वर म्हणाले, पळपुट्या जनावरांना एकदा शेजाऱ्याच्या हद्दीची चटक लागली की ती सुधारत नाहीत, तेव्हा यांना लिलावात काढतो. आणि काढल्याही.

मेळ्यात लोकांनी माझी पाठ थोपटली. फक्त आमच्या वडिलांना काही बघवेना. म्हणाले, मौन्सीच्या मेंढ्या, मौन्सीचा माथा, तो दुसऱ्या सोडेल वर, तुला कुणी सांगितलं होतं हमाली करायला. जळतात, दुसरं काय.

नाताळला ये. आता कुणीच आड नाही.

जॉन्टी


लँकेस्टर
२२ नोव्हेंबर

जॉन्टी,

हाडं शाबूत आहेत ना? ओढ्याचं एका ओळीत उरकलंस, म्हणजे जोरात पडला असशील.

तू धुक्यात एकट्याने ते केलंस याचं मला खरंच कौतुक वाटलं. पण चहाचा फार अर्थ लावू नकोस. वडील पोस्टमनलाही चहा देतात, आणि आईच्या खुर्चीत बसवतात, कारण दुसऱ्या खुर्चीचा पाय मोडका आहे.

नाताळला मला कामावर यावं लागणार आहे. वडिलांना वेगळं लिहिते.

मेरियन


हाय साइड
३० मार्च १९६०

मेरियन,

चार महिने मी लिहिलं नाही, कारण मी रागावलो होतो. तुझ्या ते लक्षातही आलं नसेल. नाताळच्या आदल्या संध्याकाळी शेवटची बस येईपर्यंत मी पुलावर उभा होतो. तुझे वडीलही होते, रविवारचा कोट घालून. तुझं पत्र त्यांना मिळालं होतं, तरी आले होते. दोघांनीही दुसऱ्याला विचारलं नाही, इथे कशाला आलास. परतताना म्हणाले, "कातरणीपर्यंत येईल ती. मग मेंढ्या तिच्याच नावावर करतो." मी तेवढ्यावर तीन महिने काढले.

आता जे झालंय ते ऐक, आणि हसू नकोस.

मार्चच्या सुरुवातीला पलीकडच्या खोऱ्यातल्या मेंढ्या, निळ्या डागाच्या, आमच्या हीफवर, म्हणजे ठरलेल्या चराईवर, दिसायला लागल्या. आधी दोन-चार, मग झुंडी. आमचं गवत खाऊन त्या तुमच्या बाजूला उतरल्या. कुठून येतात म्हणून मी वर गेलो तर सरळ केल्ड क्रॅगवरून, मोठ्या रस्त्याने यावं तशा. आपल्या चराईत मुरलेल्या मेंढ्या परक्यांना आत येऊ देत नाहीत, आणि वर आता आपल्या खोऱ्यातली एकही नव्हती.

शनिवारी बारमध्ये आमच्या वडिलांनी तुझ्या वडिलांना सगळ्यांदेखत विचारलं, मौन्सी, तू तुझ्या माथ्यावर मेंढ्या परत का सोडल्या नाहीस? तुझे वडील ग्लास ठेवून म्हणाले, "माझा कुठला माथा? वरचं टायसनचं. माझ्या बापाने मला तसंच सांगितलं." आमचे म्हणाले, माझ्या बापाने मला सांगितलं वरचं मौन्सीचं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

म्हणजे तुझ्या वडिलांना वाटत होतं, आपल्या चुकार मेंढ्या टायसनच्या हद्दीत घुसल्या आहेत. आमच्या वडिलांना वाटत होतं, मौन्सीच्या मेंढ्या मौन्सीच्याच जागेत आहेत. दोन पिढ्या तो माथा कुणाचाच नव्हता, आणि ज्या रानटी म्हाताऱ्या मेंढ्यांना तो आपला वाटत होता त्यांना मी ओढून खाली आणलं. आता त्या विकल्या गेल्या, कापल्याही गेल्या असतील. तिथे राहायचं कसं हे शिकवायला मागे एक कोकरूसुद्धा नाही.

आता एकच उपाय आहे. दोन्ही घरांनी थोड्या थोड्या तरुण मेंढ्या द्यायच्या, मे महिन्यात कोकरांसकट वर सोडायच्या, आणि त्या खाली उतरायला लागल्या की कुणीतरी परत वर वळवायच्या. रोज, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, त्यांना ती जागा आपली वाटेपर्यंत. कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारलं नाही कुणी. मीच म्हटलं मी करतो, आणि टेबलावर मूठ आपटली. सांडला तो ग्लास आमच्या वडिलांचा होता.

ईस्टरच्या शनिवारी मी लँकेस्टरला येतोय. समोर बसून विचारायचं होतं पण आता लिहूनच टाकतो. माझ्याशी लग्न कर. बेकफूट तुझं, हाय साइड पुढे माझं, मग वरचं कुणाचं हा प्रश्नच उरत नाही.

जॉन्टी


लँकेस्टर
६ एप्रिल

जॉन्टी,

मी हसले नाही.

ईस्टरला येऊ नकोस. तुला वाटेल वडिलांच्या भीतीने म्हणते. तू नेहमी कुणीतरी मध्ये उभं करतोस, म्हणजे त्याच्याशी भांडता येतं. मध्ये कुणी नाही, जॉन्टी. मीच नाही म्हणते आहे.

दुसरा कुणी आहे का, हे तू लगेच विचारशील. नाही. असता तर तुला सोपं गेलं असतं. मला इथली नोकरी कायम झाली आहे, जानेवारीतच. मी परत येणार नाही. कातरणीला नाही, मेंढ्या नावावर करून घ्यायला नाही, तुझ्यासाठीही नाही. मी लहानपणापासून पहाटे त्या डोंगराकडे बघून दिवस कसा जाणार ते ठरवत आले. इथे माझ्या खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते, आणि मला ती आवडते.

तुझं लग्नाचं वाक्य मी परत परत वाचलं. त्यात दोन शेतं आहेत आणि एक डोंगर आहे.

उन्हाळ्यातच मी हे स्पष्ट बोलायला हवं होतं. धीर झाला नाही, कारण तू ऐकताना असा बघतोस की जणू समोरच्याने तुझा हात हातात घेतलाय.

वडिलांना अजून माहीत नाही. मी त्यांना "बघू" एवढंच लिहिते आणि ते त्याचा "हो" करून घेतात. मी सांगेन. माझ्या आधी तू सांगू नकोस.

मेरियन


हाय साइड
९ एप्रिल

मिस मौन्सी,

मी कॉलेज सोडलं, ओढ्यात पडलो, दोन घरांची चराई घालवली, आणि तू समोरच्या भिंतीच्या प्रेमात आहेस. छान.

तू एक्सचेंजमध्ये बसून अख्ख्या लँकेस्टरला एकमेकांशी बोलायला लावतेस आणि स्वतःच्या बापाला एक वाक्य सांगता येत नाही तुला. ते पुलावर कोट घालून उभे होते. मी बघितलंय, तू नाही.

तुझं गुपित मी का सांभाळू? आजच जातो बेकफूटला आणि सांगतो. त्यांना तरी कळू दे की ते कुणासाठी झिजतायत.

टायसन


हाय साइड
२९ मे

मेरियन,

नाही सांगितलं. त्या दिवशी गेलो होतो. ते गोठ्यात एका अडलेल्या मेंढीशी झटत होते, मला म्हणाले, धर हिला. ते झाल्यावर सांगायचं राहूनच गेलं. तुझ्यावर उपकार केला असं समजू नकोस. राग अजून तसाच आहे.

मेच्या सुरुवातीपासून मी क्रॅगवर आहे. दगडांच्या आडोशाला एक ताडपत्री बांधली आहे. मेंढ्यांइतकं मूर्ख काही नाही हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. एक तुमची आहे, पांढऱ्या तोंडाची, ती रोज एकाच घळीतून खाली जाते, मी रोज तिथेच तिला अडवतो, आणि रोज ती माझ्याकडे अशी बघते की मला पहिल्यांदाच बघते आहे. निळ्या डागाच्या पलीकडून येतातच. मॉसचे पंजे सोलले म्हणून आईने तिला शिवून कापडी मोजे दिले, ते तिने खाल्ले. वर पाऊस आडवा येतो. पाइककडे जाणारे लोक दुरून हात करतात. त्यांना मी सहलीला आलोय असं वाटतं.

परवा तुझे वडील वर आले. त्या दुखऱ्या गुडघ्यावर. किती वेळ लागला असेल कुणास ठाऊक, मला ते खडकांत दिसले तेव्हा चारी पायांवर होते. मी हात द्यायला गेलो तर म्हणाले, सरक. मग बसले, पावाचा तुकडा आणि चीज काढलं, निम्मं मला दिलं. सगळ्या घळी बघितल्या, गवत उपटून चावलं. म्हणाले, "साठ वर्षं खालून बघतोय याला. एकदाही वाटलं नाही वर काही असेल."

मग विचारलं, मेरियन काय लिहिते?

माझ्या जिभेवर सगळं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, मला नाही लिहीत ती आता. ते म्हणाले, "मला लिहिते. बघू म्हणते." आणि माझ्याकडे बघत राहिले. मेरियन, त्यांना संशय आहे. त्यांनी मला विचारलं ते तुला विचारायचं होतं म्हणून, आणि मला खोटं बोलता येत नाही, हे खोऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. मी उठून पांढऱ्या तोंडाचीला वळवायला गेलो. ती त्या वेळी कुठेही जात नव्हती.

हे माझ्याने परत होणार नाही. माझ्याशी लग्न करू नकोस, ठीक. पण या माणसाला पत्राने नको, मधल्या सुट्टीत जिन्यात बसून तर नकोच. इथे ये, आणि त्यांच्यासमोर उभी राहून सांग.

जॉन्टी


लँकेस्टर
४ जून

जॉन्टी,

शनिवारी, अकरा तारखेला, दुपारच्या बसने येते. संध्याकाळच्या बसने परत. वडिलांना फक्त येते आहे म्हणून लिहिलंय, त्यामुळे ते केक आणतील, आणि ते मला सगळ्यात कठीण जाणार आहे.

तू पुलावर येऊ नकोस. तू असलास तर मी तुझ्याशी भांडेन आणि त्यांना सांगायचं राहून जाईल.

तुझं बरोबर होतं. हे मी खुशीने लिहीत नाहीये.

मेरियन


हाय साइड
१३ जून

मेरियन,

मी पुलावर आलो नाही. पण केल्ड क्रॅगवरून पूल दिसतो, तुमचं अंगण दिसतं, आणि डोळे मिटून बसेन असं मी कबूल केलं नव्हतं.

बस आली. तुझा कोट नवीन होता, हिरवा. वडील तुझ्याकडून बॅग घ्यायला गेले आणि बॅग नव्हतीच, तेव्हा त्यांचा हात तसाच राहिला क्षणभर. मग तुम्ही घरात गेलात, बराच वेळ. मग अंगणात आलात आणि भिंतीशी उभे राहिलात, तू तोंड माझ्या बाजूला करून, ते पाठ करून. तू बोलत होतीस. तू हात हलवत नाहीस बोलताना, तरी मला कळलं.

आणि तेव्हाच निळ्या डागाच्या आल्या. एकदम वीस-पंचवीस, पाइकच्या बाजूने. आमच्या कोकरांना घाबरवून त्यांनी कड्याकडे रेटलं. मी शिव्या देत होतो, मेंढ्यांना की तुला की त्या डोंगराला, मला माहीत नाही. मला तिथे बसून फक्त तुझ्या वडिलांची पाठ बघायची होती, ती वाकते का ते. तेवढंच. मॉसने एक बाजू धरली, मी दुसरी. पांढऱ्या तोंडाचीने मात्र एक गोष्ट केली. ती पळाली नाही. कोकराला मागे घालून घळीच्या तोंडाशी उभी राहिली, पाय आपटत, आणि निळ्या तिला बघून वळल्या. मला आनंद व्हायला हवा होता.

परत कड्यावर आलो तेव्हा अंगण रिकामं होतं आणि बस पुलापलीकडे गेली होती.

तू काय सांगितलंस, ते काय म्हणाले, रडलात का, केक खाल्लात का, मला काहीच माहीत नाही. अख्ख्या वर्षात मला एकच गोष्ट बघायची होती आणि ती घडली तेव्हा मी मेंढ्यांच्या मागे होतो.

आज पहाटे मी ताडपत्रीतून बाहेर आलो तर तुझे वडील वर आलेले. काठी, डबा, रविवारचा कोट नव्हे, कामाचा. म्हणाले, "घरी जा आणि झोप. आज मी बसतो." मी म्हटलं, तुमचा गुडघा. म्हणाले, "गुडघा माझा आहे. क्रॅगही निम्मा माझाच निघाला." आणि मग, माझ्याकडे न बघता: "तुला माहीत होतं." मी हो म्हटलं. ते म्हणाले, "बरं," आणि दगडावर बसले.

मी घरी आलो. दिवसाढवळ्या गादीवर पडलोय आणि झोप येत नाही, म्हणून हे लिहिलं. खिडकीतून क्रॅग दिसतो. ते अजून बसलेत.

जॉन्टी